मूळ रंगातले डुक्कर

माणूस म्हातारा झाला की त्याला ज्येष्ठ नागरिक म्हणतात, पितळी भांडे म्हातारे झाले की त्याला मोड म्हणतात आणि मोटार म्हातारी झाली की तिला भंगार म्हणतात. पहिल्याला एस.टी.त सवलत मिळते, दुसऱ्याला वजनावर भाव मिळतो. तिसरीला मात्र परसातल्या लिंबाची सावली आणि कोंबड्यांची सोबत यापलीकडे काही मिळत नसे. अलीकडे दिवस पालटले आहेत. पन्नाशी उलटलेल्या मोटारीला लोक आता 'क्लासिक' म्हणू लागले आहेत, आणि एकदा का एखादीला क्लासिक म्हटले की दोन प्रकारचे लोक तिच्या मागे लागतात. एक विकत मागणारे. हे परवडले, त्यांना नाही म्हणता येते. दुसरे, 'पार नवीकोरी करून टाकू' म्हणणारे. हे बहुधा आपल्या घरातलेच असतात, म्हणून त्यांची धास्ती अधिक.

नवीकोरी जुनी मोटार ही कल्पनाच मला कधी पचलेली नाही. चार वर्षे मुरलेल्या लोणच्याच्या फोडी नळाखाली धुऊन, पुसून पुन्हा बरणीत भराव्यात आणि पाहुण्याला सांगावे, 'घ्या, आजीच्या हातचं लोणचं, अगदी काल घातल्यासारखं!' तशातली गत. पण हे बोलायचे कुणापुढे? आपल्याकडे हेमाडपंती देवळालासुद्धा हौसेने ऑइलपेंट फासणारी मंडळी आहेत. तिथे मोटारीची काय कथा!

हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला तो माळशिरसला. माळशिरस हे माझे आजोळ. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा हा तालुका निम्मा कालव्याच्या पाण्याने हिरवा आणि निम्मा आभाळाकडे डोळे लावून बसलेला. भाटघरच्या धरणाचे पाणी नीरा उजव्या कालव्याने इकडे आले आणि १९३० नंतरच्या दहा वर्षांत माळीनगर, श्रीपूर असे साखर कारखाने उभे राहिले. नदीपलीकडे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर झाले. ऊस आला तसा पैसा आला, पैसा आला तशी मोटार आली. रेल्वे मात्र या तालुक्यात आलीच नाही. त्यामुळे मोटार असलेला माणूस म्हणजे निम्मी सार्वजनिक संस्थाच. बाळंतीण न्यायची तर त्याच्याकडे, नवरदेव आणायचा तर त्याच्याकडे, आणि निवडणूक आली तर काही विचारूच नका.

माझ्या आजोबांनी १९५८ साली फियाट घेतली. तिचे कागदोपत्री नाव 'इलेगंट'. महाराष्ट्रात तिला या नावाने एकानेही हाक मारली नाही. पुढे आलेले गोल नाक, फुगलेले गाल आणि ठेंगणी, गुबगुबीत पाठ पाहून लोकांनी तिचे बारसे परस्पर उरकून टाकले. डुक्कर फियाट! लाखमोलाच्या वस्तूला असे नाव ठेवणे हे फक्त मराठी माणसालाच जमते. माझ्या आजीला ते नाव अजिबात आवडत नसे. 'वराहअवतार म्हणा हवं तर,' असे ती म्हणायची. विष्णूच्या तिसऱ्या अवतारात बसून पंढरपूरला जाण्यात तिला बहुधा अधिक पुण्य दिसत असावे.

या डुकराची वंशावळ सांगण्यासारखी आहे, कारण तिचे मूळ सोलापुरातच निघते. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. रेल्वेची कंत्राटे, जहाजे, विमाने, साखर असे सगळे करून झाल्यावरही त्यांच्या डोक्यातून मोटार जात नव्हती. भारतात मोटार तयार व्हावी म्हणून विश्वेश्वरय्यांनी योजना आखली होती. ती घेऊन वालचंद अमेरिकेत हिंडले आणि सरकारदरबारी उंबरे झिजवून आले. इंग्रज सरकारला त्यात काडीचाही रस नव्हता. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकेच्या क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ जातीच्या होत्या. पुढे इटलीच्या फियाटशी सोयरीक जमली. इटलीत १९५३ साली निघालेली नवी ११०० फियाट पुढच्याच वर्षी कुर्ल्यात तयार होऊ लागली. तीच ही डुक्कर. पण ती पाहायला वालचंद नव्हते. एप्रिल १९५३ मध्येच ते गेले. ज्या गाडीने पुढे निम्म्या महाराष्ट्राची लग्ने लावली, ती सोलापूरच्या या माणसाने रस्त्यावर धावताना पाहिलीच नाही.

या गाडीचे इंजिन अवघे १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, आणि पुढची दारे उलटी उघडणारी. म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला आणि कडी पुढे. चालत्या गाडीत कडी सुटली की वारा दार असे काही खेचून उघडतो की आतल्या माणसाला पुनर्जन्मावर विश्वास ठेवावाच लागतो. हे मी ऐकीव सांगत नाही. म्हणजे तसे ऐकीवच, पण मामींच्या तोंडून.

मामी १९६७ साली फलटणहून लग्न होऊन आल्या. वरातीआधी शिखर शिंगणापूरला देवदर्शन झाले आणि घाट उतरताना नव्या नवरीच्या बाजूचे दार फाडकन उघडले. मामी माहेरी विहिरीवर पोहरा ओढणाऱ्या. त्यांनी एका हाताने दार धरले आणि ओढून लावले. सोबतच्या बायका किंचाळत होत्या, मामा गाडी चालवत होते आणि नवरी शांतपणे म्हणाली, 'कडी बघून घ्या.' नवऱ्याशी बोललेले हे तिचे पहिले वाक्य. त्या झटापटीत हातातला हिरवा चुडा पिचला आणि काचेचा एक तुकडा दाराच्या रबरात रुतून बसला. तो अजून तिथेच आहे. उन्हाच्या वेळी दार उघडले तर हिरवा चमकतो.

गाडीवर अशा खुणाच खुणा आहेत. डाव्या मडगार्डावरचा पोचा उसाच्या बैलगाडीचा. गाडीवान झोपलेला, बैल मात्र जागे होते आणि त्यांनी नेमाने डावी बाजू सोडली नाही. चूक आमच्याच गाडीची, असा निकाल आजोबांनी जागच्या जागी दिला होता. चालकाच्या दारावर आतल्या बाजूला पांढरा थर आहे तो आजोबांच्या तंबाखूचा. मळून झाली की अंगठ्याचा चुना ते दाराला पुसत. पंचवीस वर्षांचा तो चुना आता असा काही घट्ट झाला आहे की पुरातत्त्व खात्याने त्यावरून सन ठरवावा. १९७२ च्या दुष्काळात मागची सीट काढून गाडीतून सुकडीची पोती कामावर पोचवली होती. ती सीट पुन्हा बसवली तेव्हापासून तिची एक स्प्रिंग तिसऱ्या माणसाला बसू देत नाही. आषाढीला माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत जाते, तेव्हा पाय सुजलेल्या एखाद्या म्हातारीला मामा पुढच्या मुक्कामाला सोडतात. 'चालत निघालेय, गाडीत बसले तर इठोबा काय म्हनंल?' असे म्हणत म्हातारी आत बसते. सीटच्या खाचेत हमखास बुक्का सापडतो. आणि रंग? रंग कारखान्यातून आला तेव्हा फिकट निळा होता म्हणे. आता टपावर तो उडून खालचा तांबूस थर दिसतो आणि बाकी अंग पावसाळ्याच्या सुरुवातीच्या आभाळासारखे झाले आहे. पाहणाऱ्याने ठरवावे, निळे म्हणायचे की राखाडी.

तर या मोटारीला नवीकोरी करण्याचा घाट मामांच्या नातवाने घातला. नातू पुण्यात काँप्युटरच्या कंपनीत. त्याचे लग्न ठरले होते आणि वरात पणजोबांच्या गाडीतून काढायची हौस त्याला होती. हौस चांगलीच, त्यात वाद नाही. पण तो पुण्याच्या एका गॅरेजचा कागद घेऊन आला. साडेसहा लाखांचा अंदाज. त्यात चेरी रंगाचा मेटॅलिक रंग, चकचकीत चाके, नवे लेदर, पॉवर स्टिअरिंग आणि जुने इंजिन काढून त्या जागी आजकालच्या गाडीचे डिझेल इंजिन. मी कागद दोनदा वाचला. मूळ गाडीचे काय राहणार असे विचारले, तर तो म्हणाला, 'शेप!'

ओसरीवर सभा बसली. माझे मत विचारण्यात आले, कारण आजोळी मी अजून शिकलेला समजला जातो.

मी जगाच्या गोष्टी सांगितल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पेबल बीच म्हणून गाव आहे. तिथे १९५० पासून जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरते आणि सर्वांत देखण्या गाडीला मान मिळतो. वर्षानुवर्षे हा मान घासूनपुसून, रंगवून, कारखान्यातून निघाली त्याहूनही चकचकीत केलेल्या गाड्यांकडे जायचा. २०२४ साली पहिल्यांदाच तो एका न रंगवलेल्या गाडीला मिळाला. १९३४ ची बुगाटी, शर्यतीत पळालेली. पुढे ती बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेली आणि त्याने तिला काळा रंग आणि पिवळा पट्टा दिला. तोच तडे गेलेला रंग अंगावर घेऊन ती तिथे उभी राहिली आणि तुकतुकीत गाड्यांच्या रांगेत पहिली आली. 'म्हणजे पोपडे उडालेल्या गाडीला बक्षीस?' मामींनी विचारले. मी म्हटले, 'हो.' त्या घराच्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, 'मग आपलं घर पण पाठवा.'

नातू हसला. मी शास्त्रीजींच्या फियाटची गोष्ट काढली. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना, १९६४ साली, घरच्यांच्या आग्रहावरून त्यांनी फियाट घेतली. किंमत बारा हजार आणि खात्यात सात हजार. पाच हजारांचे कर्ज त्यांनी पंजाब नॅशनल बँकेतून काढले. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला ते गेले आणि राहिलेले कर्ज ललिताजींनी आपल्या पेन्शनमधून फेडले. ती गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात आहे. 'तिला चेरी रंग देशील का?' मी विचारले. नातू म्हणाला, 'ती शास्त्रीजींची आहे हो काका.' यावर मामा पहिल्यांदा बोलले. 'आन ही कुणाची हाय?'

कायद्याचाही मुद्दा निघाला. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी असेल तर तिला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. म्हणजे रंगाबद्दल सरकार फारसे कुरकुरत नसले तरी डिझेल इंजिन बसवले की हा मान गेला. मामांना हे फार आवडले. पण त्याच नियमात पुढे असेही आहे की अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, नाहीतर पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्याचसाठी रस्त्यावर आणावी, नेहमीच्या वापरासाठी नाही. मामांचा चेहरा उतरला. 'मंजी गाडी पेट्रोल भरायला न्यायची, पर बाजाराला न्यायची न्हाय? मग पेट्रोल कशाला भरायचं?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मामांनी व्हीए नंबराचा नाद तिथेच सोडला. दर पाच वर्षांनी पासिंगला उभे राहून जुनाच तीन अक्षरी नंबर जपायचा, असे ठरले. एमएच-४५ हा अकलूजचा नंबर आताचा. आमच्या गाडीचा नंबर जिल्ह्यांना आकडे वाटण्याच्या पूर्वीचा, म्हणजे १९८९ च्या आधीचा आहे आणि तो पेंटरने ब्रशने काढलेला आहे.

एवढे होऊनही नातू नमला नव्हता, आणि त्याचेही अगदीच चुकत नव्हते. गंज म्हणजे इतिहास नव्हे, तो रोग आहे. ज्या गाडीचा खालचा पत्रा खाऊन रस्ता दिसतो तिला मूळ रंगाचे कौतुक सांगून भागत नाही. पत्रा बदलावा लागतो, रंग द्यावा लागतो. शंभरातल्या ऐंशी गाड्यांची हीच दशा असते आणि त्यांना नवे करण्यावाचून गत्यंतर नसते. आमच्या गाडीची दशा कोणती, हे ओसरीवर बसून ठरण्यासारखे नव्हते. तेव्हा मिस्त्रींना बोलावले.

मिस्त्री पंढरपूर रस्त्यावरचे. त्यांच्या वडिलांनीही हीच गाडी दुरुस्त केलेली. त्यांनी कुणाशी काही न बोलता पुढचे रबरी मॅट उचलले. साठ वर्षांत ते कुणी पूर्ण उचलले नव्हते. खालचा पत्रा शाबूत होता, आणि त्यावर, जिथे ऊन नाही, पाऊस नाही, अंगठ्याचा चुना नाही, अशा हातभर जागेत निळा रंग होता. स्वच्छ, फिकट, गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा. सगळे वाकून पाहू लागले. मामींनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघितले. 'हाच,' त्या म्हणाल्या. 'मी आले तेव्हा हाच होता.'

मिस्त्री उठून हात पुसत म्हणाले, 'मालक, वरचं काम करायचं तर आधी समदा रंग खरवडावा लागतो. कागद मारला, लांबी भरली की झालं. मग त्यो रंग कंचा व्हता, कुठं कारखान्याचा आन कुठं आमच्या बाचा, काय कळत न्हाय. नवीन रंग कवाबी देता यील. ह्यो परत देता येनार न्हाय.' मग नातवाकडे वळून, 'पर बिरेक नवीन करायचं. वायरिंग नवीन. टायर नवीन. त्यात जुनं ठिवायचं म्हनाल तर मी हात लावनार न्हाय. आन दाराची कडी.'

'कडी,' मामी म्हणाल्या.

गाड्यांच्या अभ्यासकांना इतके साधे बोलायला बरीच वर्षे लागली. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली एक सनद केली. गंमत म्हणजे ती फियाटच्याच गावाच्या नावाची, ट्युरिनची. तिचा सारांश असा, की आधी जपा, अगदी नाइलाज असेल तेवढेच बदला आणि नवीन काय घातले ते पुढच्या माणसाला ओळखू येईल असे ठेवा. आमच्या मिस्त्रींनी ही सनद वाचलेली नाही. त्यांनी ब्रेकच्या जुन्या नळ्या, डिस्ट्रिब्युटरची टोपी, कापडात गुंडाळलेल्या वायरी हे सगळे काढले ते गोडेतेलाच्या डब्यात भरले, वर खडूने तारीख लिहिली आणि डबा डिकीत ठेवून दिला. 'कुनी इचारलं तर दाखवायला.' मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ती याच डुकराची नात. तेव्हा वर्तमानपत्रांतून किती उसासे निघाले! साठ वर्षांत हजारोंनी धावलेल्या त्या टॅक्सींपैकी, होती तशी, मीटरसकट, सीटकव्हरसकट, देवाच्या फोटोसकट किती उरल्या असतील? होत्या तेव्हा त्या जपाव्यात असे कुणाला वाटण्याचे कारणच नव्हते.

मामांनी मिस्त्रींना तेवीस हजार रुपये दिले. साडेसहा लाखांतले उरलेले नातवाने काय केले ते मी विचारले नाही.

लग्न झोकात झाले. वरात आमच्या राखाडी, निळ्या म्हणा हवे तर, डुकरातूनच निघाली. नातू पुढे बसला होता, त्याच्या बाजूच्या दाराला मामींनी आठवणीने आतून सुतळी बांधली होती. नवी सून पुण्याची. तिला त्या हिरव्या काचेची गोष्ट कुणीतरी सांगितली असावी, कारण उतरताना तिने वाकून रबरात बोट फिरवून पाहिले. मिरवणुकीतल्या पोरांनी गाडीबरोबर इतके फोटो काढले की नवरदेवाला थोडा हेवा वाटला. एका म्हाताऱ्याने बॉनेटवर थाप मारून, 'हिच्यात बसून मी दवाखान्यात गेलो हुतो,' असे तीन वेळा सांगितले.

महिन्याभराने फोटोचा अल्बम आला. जाड पुठ्ठ्याचा, मखमली, पाच किलो वजनाचा. पहिल्याच पानावर वरातीचा मोठा फोटो होता आणि त्यात एक झगझगीत निळी मोटार उभी होती. मडगार्डावर पोचा नाही, टपावर तांबूस डाग नाही, दारावर चुना नाही. स्टुडिओवाल्याने हौसेने, जादा पैसे न घेता, काँप्युटरवर सगळे साफ करून दिले होते. गाडीशेजारी मामा उभे होते. त्यांच्या गालावरची चामखीळ गेली होती, कपाळाच्या सुरकुत्या गेल्या होत्या आणि मिशा काळ्या झाल्या होत्या.

मामींनी अल्बम जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग पान उलटत म्हणाल्या, 'गाडी कुणाची आणली होती? आणि हा कोण माणूस उभा आहे?'